प्रवेश नाकारला: कारणे व उपचार

वाशीमच्या, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माच्या, वाकाटक नृपती दुसऱ्या विंध्यशक्तीच्या चौथ्या शतकातील ताम्रपटाच्या आरंभी ‘दृष्टम्’, अर्थात तपासले, असा शेरा आहे. त्यावरून खऱ्याखोट्याच्या पडताळणीची चिंता या भूमीला नवी नाही, हे सिद्ध मानावे. प्रस्तुत विवेचन त्या चिंतेच्या आधुनिक अवताराचे आहे. रिसोडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने सोयाबीन खरेदीच्या हिशेबासाठी ईआरपीनेक्स्ट ही मुंबईत घडलेली मुक्त प्रणाली स्वतःच्याच संगणकावर, डॉकरच्या कंटेनरांत, म्हणजे एकाच यंत्रातल्या परस्परांपासून अलग कप्प्यांत, बसवली आणि ऐन हंगामात ‘१०४५, प्रवेश नाकारला’ असा संदेश उमटला, तर काय करावे?

परंपरेने पहिला उपचार यंत्र बंद करून चालू करण्याचा आहे. तो निष्फळ ठरला तरी टाळू नये, कारण त्यावाचून पुढचा उपचार सुचवण्याचा अधिकार कोणालाही प्राप्त होत नाही. दुसरा उपचार मांडणीच्या फाइलीत पासवर्ड बदलण्याचा. मात्र ईआरपीनेक्स्टचा साठा सांभाळणारा मारियाडीबी हा डेटाबेस त्या फाइलीतला मूळ पासवर्ड फक्त जन्मवेळी, साठ्याचे फोल्डर रिकामे असताना, वाचतो. पुढे फाइलीत काहीही लिहिले तरी तो जुन्यालाच जागतो, आणि बदल हवा असल्यास जुन्या पासवर्डने आत शिरून तो डेटाबेसलाच सांगावा लागतो. जुना पासवर्ड ठाऊक असलेला मुलगा एव्हाना पुण्याला नोकरीस लागलेला असतो. संदेशाच्या शेवटी ‘पासवर्ड वापरला: होय’ असे येते, त्यावरून तो बरोबर होता असा निष्कर्ष काढणारे विद्वानही आढळतात; पण तो पाठवला गेला, एवढेच त्यातून कळते.

सर्वांत दुर्बोध प्रकार तो, ज्यात पासवर्ड अचूक असूनही दार उघडत नाही. मारियाडीबी वापरकर्त्याला केवळ नावाने नव्हे, तर नाव आणि तो जेथून येतो तो पत्ता, अशा जोडीने ओळखतो. लोडशेडिंगनंतर लाईट आली की कंटेनर जमेल त्या क्रमाने उठतात, डॉकर त्यांना अंतर्गत पत्ते नव्याने वाटतो, आणि काल १७२.१८.०.५ वर असलेला कप्पा आज १७२.१८.०.७ वर निघतो आणि डेटाबेसच्या लेखी परका ठरतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा रिसोडचा माणूस जागचा न हलता वाशीम जिल्ह्यात गेला, तसेच हे स्थलांतर. यावर तोडगा असा की नवी साइट, म्हणजे ईआरपीनेक्स्टमधली कंपनीची स्वतंत्र मांडणी, घडवतानाच पत्त्याच्या जागी टक्केचिन्ह, म्हणजे ‘कोठूनही’, द्यावे. साइट आधीच घडलेली असल्यास त्याच नावाचा टक्केचिन्हधारी वापरकर्ता, साइटच्या फाइलीतल्याच पासवर्डने, निर्माण करून त्याला तिच्या डेटाबेसपुरते अधिकार बहाल करावेत. इतके औदार्य दाखवल्यावर डेटाबेसचे ३३०६ हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडे ठेवू नये, हे ओघानेच आले.

एक उपचार निषिद्ध आहे. डॉकर कंपोजच्या ‘डाऊन’ या आज्ञेला ‘व्ही’ हे शेपूट जोडले असता व्हॉल्यूम, म्हणजे डेटाबेसचा कायमचा साठा, पुसला जातो. त्रुटी खरोखरच जाते, नवा पासवर्ड निमूट स्वीकारला जातो, आणि संचालकांना गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडच्या काट्याच्या पावत्या गोळा कराव्या लागतात.

दोष निवारल्यावर मासिक सभेच्या टिपणीत ‘लाईट गेल्यामुळे’ असे कारण नोंदवावे. ते निम्मे खरे असते.