सीलपॅक क्रीडाप्रेम

खेळामुळे माणसाचं काय होतं ते आपण रोज पाहतो. गुडघे जातात, खांदे निखळतात, आणि चाळिशीत हौसेनं बॅडमिंटन सुरू केलेले गृहस्थ पंधरवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेले दिसतात. घाम येतो तो वेगळाच. हे सगळे धोके टाळून खेळाची शुद्ध अवस्था गाठलेला एक वर्ग जगात आहे: लेगोच्या जुन्या क्रीडासंचांचे संग्राहक. त्यांचा यथोचित सत्कार अजून कुणी केलेला नाही. ती उणीव भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीनं 2000 मध्ये फुटबॉलचे संच बाजारात आणले. 2003 मध्ये अमेरिकेतल्या एनबीएच्या परवान्यावर बास्केटबॉल आला, त्याच वर्षी आइस हॉकी आली, स्नोबोर्ड आणि स्केटबोर्डवाले आले. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वर्षी आणखी एक मोठं स्टेडियम निघालं आणि त्यानंतर लवकरच ही मालिका गुंडाळली गेली. क्रिकेट तिच्यात कधीच नव्हतं. बिलुंडमध्ये पाच दिवसांची सवड कुणाला नसावी.

आता या संचांमधला मूळ दोष सांगायला हवा. ते खेळता येत. फुटबॉलचा खेळाडू स्प्रिंगच्या एका पट्टीवर उभा असे. त्याला बोटानं मागं ओढून सोडलं की चेंडू उडे. मैदानात जागोजागी उथळ खळगे केलेले, म्हणजे चेंडू घरंगळत जाऊन कुणाच्या ना कुणाच्या पायाशी थांबावा. गोलरक्षकाला पाठीमागच्या दांड्यानं डावीउजवीकडे सरकवायचं. बास्केटबॉलवाल्यांच्या तर पायांतच स्प्रिंगा. एवढी यंत्रणा दिल्यावर लहान मुलं काय करणार? खेळली. चेंडू कपाटाखाली गेले, स्प्रिंगा ढिल्या झाल्या, जर्सीवरचे आकडे पुसट झाले. एका अख्ख्या पिढीनं या मालाची केलेली ही नासाडी आजच्या संग्राहकाला वर्तमानपत्रातल्या कुठल्याही बातमीपेक्षा जास्त लागते. म्हणून त्यानं उपाय शोधला: खोकंच उघडायचं नाही.

सीलबंद खोक्यातल्या सामन्याचे फायदे एकदा नीट विचारात घ्या. कुणी हरत नाही. पंच लागत नाही. पावसामुळे खेळ थांबत नाही, कारण तो सुरू झालेला नाही. खेळाडू 2000 सालापासून प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहेत, काहींची डोकी अजून धडावर बसायची आहेत, आणि तरी एकाचाही फॉर्म गेलेला नाही. त्या काळातल्या हाडामांसाच्या कुठल्या खेळाडूबद्दल हे म्हणता येईल?

समता हे मूल्यही आपल्याला याच खोक्यांत सापडतं. शकील ओनील हा 7 फूट 1 इंचाचा बास्केटबॉलपटू. ॲलन आयव्हरसनची नोंदलेली उंची 6 फूट. प्रत्यक्ष मैदानात या एक फूट एक इंचाच्या फरकानं किती अन्याय झाला असेल! लेगोनं दोघांना एकाच साच्यातून काढलं. तिघातिघांची आठ पाकिटं, चोवीस खेळाडू, चोवीस जणांची उंची एक. चेहऱ्यांना मात्र पहिल्यांदाच माणसाच्या कातडीचे खरे रंग मिळाले. त्याआधी 1978 पासून लेगोची बाहुली सरसकट पिवळी असे. हा बदल खरोखरच महत्त्वाचा होता, हे उपरोध बाजूला ठेवून सांगतो आणि उपरोध पुन्हा हातात घेतो.

संग्राहकांतही पायऱ्या आहेत. ज्याला सीलपॅक परवडत नाही तो सुटा माल घेतो. याला थोडं खालच्या दर्जाचं समजतात, पण कष्ट याचेच जास्त. पुस्तिका समोर ठेवून तो एकेक तुकडा मोजतो आणि शेवटी एकच गोष्ट कमी निघते: चेंडू. मग सुटे तुकडे विकणाऱ्या ब्रिकलिंक या बाजारात युरोपातल्या कुणा विक्रेत्याकडून तो वाटाण्याएवढा चेंडू मागवायचा, आणि चेंडूच्या किमतीच्या कितीतरी पट टपालखर्च भरायचा. चेंडू येतो. तो मैदानावर ठेवला जातो. त्याला कुणी हात लावायचा नसतो. नाहीतर पुन्हा हरवेल.

स्टिकरांचंही तसंच. संचाबरोबर आलेला स्टिकरांचा कागद कुणा उत्साही पोरानं पंचवीस वर्षांपूर्वी जागच्या जागी, अगदी सरळ चिकटवला असेल तर किंमत उतरते. एकही स्टिकर काढलेला नसेल तर चढते. आपल्याकडे सोफ्यावरचं प्लास्टिक कव्हर न काढणाऱ्या घरांची थट्टा करायची पद्धत आहे. त्या घरांचं तत्त्वज्ञान काळाच्या किती पुढं होतं, ते आता कळतं.

या साधनेतला मोठा शत्रू म्हणजे सूर्य. तुकडे एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात, आणि त्यातल्या ब्यूटाडाइन या घटकाचं अतिनील किरणांनी ऑक्सिडीकरण होऊन पांढरा तुकडा पिवळट पडतो. यावर उपाय असा की तो पिवळा तुकडा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हातच ठेवायचा. पांढरा होतो. काही काळानं बहुधा पुन्हा पिवळा पडू लागतो, म्हणजे छंदाला खंड नाही. आपल्याकडे पावसाळ्यातली दमट हवा आणि कसर हे आणखी दोन प्रतिस्पर्धी. त्यांच्यासाठी खोक्याखोक्यातून सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. मुंबईच्या उपनगरातल्या दोन खोल्यांत माणसं घामानं निथळत असतात आणि माळ्यावरचा हॉकीचा संघ कोरडा ठणठणीत.

आर्थिक बाजू तर निर्विवाद आहे. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी 1987 ते 2015 या काळातल्या 2300 हून अधिक लेगो संचांच्या किमती तपासल्या आणि बाजारातून गेलेल्या संचांवर वर्षाला सरासरी किमान 11 टक्के परतावा मिळतो असं दाखवलं. हा आकडा संग्राहकाला तोंडपाठ असतो. त्याच अभ्यासात काही संचांनी वर्षाला निम्मी किंमत घालवल्याचंही आहे, पण ते वाक्य पुढच्या पानावर असावं. शिवाय परतावा विकल्यावर मिळतो, आणि खरा संग्राहक विकण्याइतका खालच्या थराला जात नाही.

लेगोच्या इतर भक्तांत या मालिकेला फारसा मान नाही. त्यांचं म्हणणं, यात जोडण्यासारखं आहेच काय? मोठाले तयार तुकडे, चार खांब, झालं मैदान. टीका बरोबर आहे, आणि म्हणूनच आमच्या माणसाची निवड किती विचारपूर्वक आहे ते ध्यानात येतं. जोडायला फारसं नाही आणि खेळायचं नाही, असं जोडण्याचं खेळणं सहसा मिळत नाही. 2003 आणि 2004 या दोन्ही वर्षी कंपनी प्रचंड तोट्यात गेली, बुडायची वेळ आली, आणि 2004 मध्ये यॉर्गन विग नुडस्टॉर्प या पस्तिशीतल्या माणसाला प्रमुखपदी बसवून निम्मा पसारा आवरावा लागला. त्या पडत्या काळातला हा माल. जे बनवणाऱ्याला झेपलं नाही ते सांभाळायला मनाचा मोठेपणा लागतो.

तो सर्वांकडे नसतो. सरकारनं खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 वर नेल्यापासून पुण्या-मुंबईच्या संग्राहकाची भिस्त परदेशातल्या नातलगांच्या बॅगांवर आहे. एका मामांनी न्यू जर्सीच्या भाच्याकडून 2003 चा बास्केटबॉलचा सीलपॅक मोठा संच मागवला. भाचा गुणी. विमानतळावरून घरी येऊन त्यानं बॅग उघडली आणि जेवणाच्या डब्यात भरलेले सगळे तुकडे अभिमानानं टेबलावर ठेवले.

"मामा, खोकं केवढं होतं! अर्धी बॅग खात होतं. टाकून दिलं. पण आतलं एकूण एक आणलंय हां, मोजून."

मामा काही बोलले नाहीत. मामींनी पाणी आणलं. भाचा अजूनही समजतो की मामा आनंदानं गहिवरले होते.

अलीकडे मात्र कंपनीलाही शहाणपण आलेलं दिसतं. 2020 मध्ये तिनं मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियम काढलं, 3898 तुकड्यांचं. 2021 मध्ये बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ, 5509 तुकडे. 2022 मध्ये माद्रिदचं सांतियागो बर्नाबेऊ, 5876 तुकडे. वीस वर्षांत केवढी प्रगती पाहा: स्प्रिंग नाही, दांडा नाही, चेंडू नाही, आणि एवढ्या मोठ्या मैदानावर खेळाडू एकही नाही. एवढं करूनही एक खोट राहिलीच. खोकं उघडून हजारो तुकडे जोडत बसावं अशी कंपनीची अजून अपेक्षा आहे. मामांनी बर्नाबेऊ घेतलंय. न उघडता ते बेडरूमच्या कोपऱ्यात उभं आहे, आणि मामी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात.