लिंक दाखवा

हा माणूस तुमच्याही ओळखीत असणार. आपण पेढे घेऊन जावं, "काका, फ्लॅट बघितलाय, उद्या ॲडव्हान्स देतोय" असं सांगावं, आणि त्यांनी पेढा तोंडात टाकायच्या आधीच विचारावं, "लिंक आहे?"

लिंक म्हणजे लिंक डॉक्युमेंट. आपण ज्याच्याकडून घर घेतोय त्यानं ते कुणाकडून घेतलं, त्यानं कुणाकडून, त्याच्या आधीच्यानं कुणाकडून, असे मागे मागे जाणारे दस्त. बँकेचं समाधान तीस वर्षांत होतं. आमच्या काकांना निजामापर्यंत जावं लागतं.

काका हैदराबादेत दिलसुखनगरला राहतात आणि तिथंच वकिली करतात. खाली झेरॉक्सचं दुकान, वर कोचिंग क्लास, मधल्या मजल्यावर काका. दाराला नावाची पाटी आहे, पण तिचा कुणाला उपयोग नाही. झेरॉक्सवाल्याला विचारलं की तो मान वर न करता म्हणतो, "लिंकवाले साब? ऊपर जाव."

ही सवय ऑफिसच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवली असती तर माझी तक्रार नव्हती. पण गेल्या गणपतीत कॉलनीची पोरं वर्गणी मागायला आली, तर काकांनी पावतीपुस्तक मागून घेतलं, चाळलं, आणि म्हणाले, "हे ५१ पासून सुरू होतंय. आधीच्या पन्नास पावत्यांची लिंक?" पोरं गेली ती परत आली नाहीत. शेजारीण शिर्डीचा प्रसाद घेऊन आली. "तुम्ही स्वतः आणला?" "नाही, मेव्हण्यांनी." "त्यांना कुणी दिला?" मेव्हण्यांच्या सहकाऱ्यापर्यंत चौकशी पोचेस्तोवर प्रसादाला मुंग्या लागल्या होत्या. भाच्याला स्थळ आलं, पत्रिका जुळली, मुलामुलीची पसंती झाली, तेव्हा काका म्हणाले, "पणजोबा बिदरचे सांगतात आणि आडनाव सोलापूरकडचं. मधली लिंक तुटते." काकू यावर एकच वाक्य बोलतात, "आमचं ठरलं तेव्हा यांची सनद नवीन होती, म्हणून निभावलं."

त्यांचं म्हणणं असं की संशय इथल्या मातीतच आहे. मलकपेटच्या बाजूला दिलसुख राम प्रसाद नावाच्या जमीनदाराची शेतं होती, त्यांनी प्लॉट पाडून विकले आणि वस्तीला त्यांचं नाव पडलं, असं सांगतात. "ज्या मोहल्ल्याला प्लॉट पाडणाऱ्याचंच नाव आहे, तिथं कागद बघायचे नाहीत तर काय बघायचं?" काका विचारतात. या नावाच्या गोष्टीची लिंक त्यांनी कधी मागितलेली नाही, हे मी मनात ठेवलंय.

दस्त वाचायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. विक्रीखत हातात दिलं की ते आधी पालथं घालतात. आपण पुढच्या बाजूला भाव, गज आणि सह्या बघत असतो. काका स्टँपपेपरची पाठ वाचतात. तिथं व्हेंडरचा शिक्का, अनुक्रमांक, पेपर कुणाच्या नावानं घेतला ते आणि विकल्याची तारीख असते. पुढं दस्त झाला १२ मार्चला आणि पाठीवर पेपर विकलाय १९ मार्चला, असं काही सापडलं की काकांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा खुलतो. मग कागद ट्यूबलाइटसमोर. मग टाचणी नखानं अलगद सोडवून काडेपेटीत. खुणा पेन्सिलीनं, तीही फिक्या. दुसऱ्याच्या कागदाला आपली शाई लावायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. स्टँपपेपर नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापतात याचा त्यांना खास मराठी अभिमान आहे, आणि तेलगीनं त्याच छापखान्यातली भंगारात काढलेली यंत्रं मिळवून बनावट स्टँपांचा कारखाना उभा केला हा त्यांना घरच्या कुणीतरी केलेला अपमान वाटतो. २००१ मध्ये तेलगी पकडला गेला. त्याच्या आधीच्या चार-सहा वर्षांतला कागद अजूनही ट्यूबलाइटसमोर जरा जास्त वेळ राहतो.

कुणी उत्साहानं ईसी आणली तर काका ती बाजूला ठेवतात. ईसी म्हणजे त्या मिळकतीवर काय काय व्यवहार रजिस्टर झाले त्याचा सरकारी दाखला; तेलंगणात तो घरबसल्या ऑनलाइन बघता येतो, पण १९८३ पासूनचाच. त्याआधीचं हवं तर सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन जुनी बाडं काढायला लावायची. "कॉम्प्युटर १९८३ चा आहे, जमीन नाही," काका म्हणतात आणि बाडं काढायला लावतात. शिवाय जे रजिस्टर झालंच नाही ते ईसीत कुठून येणार? घरातल्या घरात झालेली वाटणी, कपाटात पडलेलं मृत्युपत्र, कोर्टात लोंबकळणारा दावा, यातलं काहीच नाही. 'निल' ईसीवर हुरळून जाणाऱ्या माणसाकडे ते कीव आल्यागत बघतात.

त्याच्या मागं गेलं की उर्दू सुरू होते. हैदराबाद संस्थानाचं महसुली दप्तर उर्दूत, सालं फसली. काकांचे वडील परभणीकडून इथं आले, उर्दूतून वकिली केली आणि मुलाला ती लिपी घरीच शिकवली. एखादी खसरा पहाणी समोर आली की काका बोट उजवीकडून डावीकडे नेत पुटपुटतात, "तेराशे चौसष्ट अधिक पाचशे नव्वद, एकोणीसशे चौपन्न," आणि आपल्याकडे असं बघतात की १९५४ साली आपणच त्या शेतात लपून बसलो होतो.

या सगळ्यात बायकांची फार पंचाईत होते. हळदीकुंकवाला आलेल्या एका आजींना काकांनी भर दिवाणखान्यात विचारलं, "तुमचं लग्न ५ सप्टेंबर १९८५ च्या आधीचं की नंतरचं?" आजी लाजल्या. त्यांना वाटलं कौतुक चाललंय. खरी गोष्ट अशी की एन. टी. रामारावांच्या सरकारनं वारसा कायदा बदलला तो या तारखेपासून, आणि तोवर अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत भावांइतका वाटा मिळाला. महाराष्ट्रानं हे १९९४ मध्ये केलं, साऱ्या देशात यायला २००५ उजाडलं. आजींच्या भावांनी नव्वदच्या दशकात विकलेला एक प्लॉट त्या आठवड्यात काकांच्या टेबलावर होता आणि दस्तावर बहिणीची सही नव्हती. आजींची लग्नपत्रिका निघाली १९८७ ची. काकांनी तिची झेरॉक्स काढून घेतली. हळदीकुंकू तिथंच संपलं.

आता अशा माणसाकडे कोण जाईल? दुसरे वकील मिळतात की. बिल्डर म्हणतो, "सर, तुम्ही कशाला त्रास घेता, आपला वकील आहे ना." हा 'आपला' वकील बिल्डरचा असतो आणि त्याचं मत कागद यायच्या आधीच तयार असतं. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून बघतो. फी मात्र आपल्याकडून जाते, त्यामुळे तो आपला आहे असं वाटत राहतं. हायटेक सिटीतला वकील कॉफी देतो आणि चौदा पानी इंग्रजी ओपिनियन, ज्यातली बारा पानं तो स्वतः कशाला जबाबदार नाही याची असतात. आणि मंडळींचा हिशेबही बघा. स्टँप ड्यूटी, ट्रान्सफर ड्यूटी, रजिस्ट्रेशन मिळून सरकारला ७.५ टक्के देताना कुणी हूं की चूं करत नाही, पण काकांचे पाच हजार द्यायची वेळ आली की "घरचेच आहेत ना" हे आठवतं.

एकजण कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायला निघाला होता, अर्धा टक्का व्याज वाचावं म्हणून. काकांनी विचारलं, "पहिल्या बँकेकडे तू कोणकोणते मूळ कागद ठेवलेस?" त्याला एकाचंही नाव सांगता येईना. काकांनी त्याच्याकडून बँकेतून यादी मागवली, तीत एक लिंक कमी निघाली. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत दिले नाहीत तर बँकेनं रोज ५,००० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. एकतिसाव्या दिवशी सकाळी काकांचाच फोन: "आज मीटर सुरू झाला." कागद त्याच संध्याकाळी सापडला.

हे झालं कागदाचं. पण सर्व्हे नंबर कुणालाही वाचता येतो. त्या नंबरावर पूर्वी म्हशी डुंबायच्या हे हायटेक सिटीच्या वकिलाला कसं ठाऊक असणार? काकांना सरूरनगर तलावाचं पाणी कोणत्या पावसात कुठवर यायचं ते आठवतं. ऑक्टोबर २०२० च्या पावसात त्या तलावाखालच्या कॉलन्यांत पाणी घुसलं, होड्या फिरल्या, तेव्हा टीव्हीवर एकेक गल्ली ओळखून ते म्हणत होते, "इथं नक्को म्हटलं होतं. इथंबी नक्को म्हटलं होतं." २०२४ मध्ये हैड्रा ही अतिक्रमणं हटवणारी सरकारी यंत्रणा आली आणि तलावांच्या हद्दीतल्या बांधकामांवर बुलडोझर फिरू लागले. माधापूरचा एन कन्व्हेन्शन हॉल पडला त्या आठवड्यात काकांच्या जिन्यावर रांग लागली होती. दहा हेक्टर आणि त्यावरच्या तलावाला तीस मीटर बफर, लहानाला नऊ, हे ते झेरॉक्सवाल्याकडूनही पाठ करून घेत होते.

इथवर तुम्हाला वाटेल काका नेहमी बरोबर ठरतात. मलाही तसंच लिहायचं होतं.

नव्वदच्या सुमाराला एक मास्तर, मराठी शाळेत गणित शिकवणारे, एल. बी. नगरच्या पुढं दीडशे गजांचा प्लॉट घ्यायला निघाले होते. दस्त खरे, सह्या खऱ्या, स्टँपच्या तारखा जुळत होत्या. पण पहाणीत जमीन सरकारी. काका म्हणाले, "नक्को." मास्तरांनी ऐकलं. प्लॉट दुसऱ्या कुणीतरी घेतला. त्यानं घर बांधलं, वर एक मजला चढवला. पुढं ती वसाहत बावीस-ए च्या यादीत गेली, म्हणजे रजिस्ट्रेशन बंद. पण वीज आली, नळ आला, रस्ता आला, आमदारही आले. २०२२ मध्ये जी.ओ. ११८ हा सरकारी आदेश निघाला: गजाला २५० रुपये भरा आणि मालक व्हा. दीडशे गजांचे साडेसदतीस हजार. या शहरात चूक घट्ट धरून बसलं की सरकार कधी ना कधी तिची पावती फाडतंच. तेलगीवर काका जेवढे चिडले नसतील तेवढे त्या जी.ओ.वर चिडले. दोन दिवस ऑफिस उघडलं नाही.

मास्तर मलकपेटला भाड्याच्याच घरात निवृत्त झाले. एका शब्दानं त्यांनी काकांना कधी बोल लावला नाही. काका वयानं मोठे. दसऱ्याला सोनं द्यायला मास्तरांनी यायचं. पण इतकी वर्षं जम्मीची पानं खिशात घालून काकाच तिकडं जातात, तास-दीड तास बसतात, क्रिकेट आणि गुडघेदुखी यांवर बोलतात. मी एकदा बरोबर गेलो होतो. मास्तरीणबाईंनी करंज्या पुढं केल्या आणि सांगितलं, "या माझ्या नाहीत हो, शेजारणीनं दिल्यात." काकांनी मुकाट्यानं दोन खाल्ल्या. त्या घरात ते कशाचीही लिंक विचारत नाहीत.

मास्तरांच्या मुलीनं यंदा चैतन्यपुरीला फ्लॅट बघितला. नोकरी चांगली, कर्ज मंजूर, पॅनेलवरच्या वकिलानं दोन दिवसांत हिरवा कंदील दाखवलेला. तरी ती पिशवीभर कागद घेऊन काकांचा जिना चढली. "बँकेचं झालंय काका. आता तुम्ही बघा."

काकांनी कागद इतके दिवस ठेवून घेतले की बिल्डर मलाही फोन करू लागला. बाडं निघाली, पहाणी निघाली, विकणाऱ्याच्या चारही बहिणींच्या सह्या निघाल्या, एक तर न्यू जर्सीहून पॉवर ऑफ ॲटर्नीनं आलेली. तलाव लांब. स्टँपांच्या पाठी स्वच्छ. शेवटी पार्किंगवर अडले: आतल्या पानावर एक नंबर, शेड्यूलमध्ये दुसरा. तेवढं दुरुस्त करून आणायला लावलं आणि दुसरं काही मिळत नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाले, "घे."

मुलीनं तिथूनच वडिलांना फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"बाबा, काका 'घे' म्हणाले."

"म्हणजे?" मास्तर म्हणाले. "वकील बदललास काय गं?"