वारा पडेपर्यंत करावयाच्या गोष्टी

प्रस्तुत मार्गदर्शिका टोरांटो-मिसिसागाकडच्या त्या मराठी मंडळींसाठी आहे, जी लाँग वीकेंडला अल्गॉन्क्विन पार्कात कॅनो घेऊन शिरतात आणि परतीच्या सकाळी ओपिओंगो तळ्याच्या काठावर अडकून पडतात. पार्क १८९३ सालचं, साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठं. आत तळी हजारांनी आहेत. पण तुमची गाडी जिथे उभी आहे तिथे पोचायला त्यांतलं सर्वांत मोठंच ओलांडावं लागतं, आणि वारा नेमका त्याच्यावर सुटलेला असतो.

१. लाटांची पाहणी
सर्वांनी काठावर ओळीने उभं राहून, कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघावं. याने वारा कमी होत नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं. शास्त्रोक्त पाहणी करायची असल्यास ब्यूफोर्ट मोजपट्टी वापरावी: लाटांवर तुरळक पांढरे तुरे दिसले तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर, बरेच दिसले तर २० ते २८. तुऱ्यांची संख्या बघणाऱ्याच्या सुट्टीवर अवलंबून असते. मंगळवारी सकाळी ज्याची मीटिंग आहे, त्याला एकही तुरा दिसत नाही.

२. सभा
आतल्या भागात एका तळावर जास्तीत जास्त नऊ जणांनाच परवानगी असते. मराठी माणसं नऊ असली की मतं अकरा होतात, हे गृहीत धरावं. फोनला रेंज नसल्यामुळे कोणाचंही मत खोडून काढता येत नाही. ‘तासाभरात उघडेल बघ’ हे वाक्य प्रत्येकाला दिवसातून दोनदाच उच्चारता येईल. मत मांडताना ढगांकडे बोट दाखवणं ऐच्छिक.

३. सह्याद्रीवाले काका
प्रत्येक गटात असे एक काका असतातच. ‘आम्ही भर पावसात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलोय, हे काय घेऊन बसलात!’ असं ते म्हणतील. त्यांचा मान राखून एवढंच सांगावं, की काका, गड हलत नाही. कॅनोचा काठ पाण्यापासून वीतभर वर असतो. लाट आडवी आली की नाव कलंडते, आणि इथलं पाणी मे-जूनमध्येही हातपाय आखडतील इतकं गार असतं. काका ‘मला पोहता येतं’ म्हणाले तर टॉम थॉमसनचं नाव काढावं. हा कॅनडाचा मोठा चित्रकार याच पार्कात राहून चित्रं काढायचा, कॅनो सराईतपणे वल्हवायचा. जुलै १९१७मध्ये तो कॅनो लेकवर एकटाच निघाला. आधी रिकामी कॅनो सापडली, मृतदेह आठ दिवसांनी. अधिकृत नोंद अपघाती बुडण्याची, पण लोक अजून वाद घालतात. काकाही घालतील. घालू द्यावा, तासभर सहज जातो.

४. ताडपत्री
पाऊस आल्यास ताडपत्री बांधावी. एक कोपरा मुद्दाम खाली ठेवायचा असतो, म्हणजे पाणी वाहून जातं. तो कोणीही ठेवत नाही. मग मधोमध पाण्याचं पोट सुटतं, कोणीतरी उत्साहाने त्याला खालून वल्ह्याने ढोसतं, आणि बादलीभर पाणी थेट भिजवलेल्या पोह्यांत उतरतं. अशा पोह्यांना ‘दडपे’ म्हणून वाढावं.

५. आहार
डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे. त्यामुळे लोणचं आधीच प्लॅस्टिकच्या डबीत भरून आणलेलं असतं, आणि पोर्टेजच्या, म्हणजे नाव खांद्यावर घेऊन चालायच्या, वाटेवर ते कोणाच्या तरी स्लीपिंग बॅगेत उघडलेलं असतं. खाण्याची पिशवी रात्री खोडापासून दूर, फांदीला उंच टांगावी. सदर स्लीपिंग बॅगही टांगावी. अस्वलं काळी असतात, नाकाची तिखट असतात, आणि ही बॅग मराठी माणसाची आहे हे त्यांना अंधारातही कळेल. चूल पेटेना तर जमिनीवर पडलेली बर्चची साल शोधावी. ती ओली असतानाही काळा धूर सोडत धडधडून पेटते. जिवंत झाडाची सोलू नये.

६. गडगडाट
यावर सभा घेऊ नये. ढग वाजला की पाण्यावरून बाहेर, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास पाण्यात पाऊल नाही. दर नव्या गडगडाटाला घड्याळ पुन्हा शून्यावर. ‘तो लांबचा होता’ हे विधान ग्राह्य धरलं जाणार नाही.

७. निर्णय
बहुमताने ठरवू नये. गटात जिला किंवा ज्याला सर्वांत जास्त भीती वाटते, त्या व्यक्तीचं एक मत आठांना भारी मानावं. ही बहुधा ती वहिनी असते, जी सकाळपासून काही न बोलता लाइफ जॅकेट घालून दगडावर बसली आहे. तिला विचारावं. ती म्हणेल, ‘आज नाही.’ विषय संपला. मेंढीकोटाचे पत्ते काढावेत.

८. प्रस्थान
वारा बहुधा संध्याकाळी पडतो आणि पहाटे झोपलेला असतो. उजाडताच निघावं, काठाकाठाने जावं. चहा पलीकडच्या धक्क्यावर. ‘घोटभर घेऊनच निघू या’ म्हणणाऱ्याला नावेत पुढे बसवून वल्हं हाती द्यावं, कारण त्या घोटाला दहा वाजतात आणि दहाला वारा उठतो.

९. वृत्तान्त
दिवाळीच्या फराळाला लाटांची उंची वर्षाला एक फूट या दराने वाढवायला हरकत नाही. काका वादळातून नाव काढायला निघालेच होते, असंही सांगता येईल. थांबायला कोणी सांगितलं, हे मात्र कोणाला आठवणार नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवावं: पुढच्या वर्षीचं नेतेपद वहिनींकडे. त्या नाही म्हणतील. तीच त्यांची पात्रता.