अवशिष्टमार्गमीमांसा

चालत्या कुटुंबातील सर्वांत लहान व्यक्तीने उरलेल्या अंतराविषयी ज्येष्ठांना विचारलेला प्रश्न म्हणजे अवशिष्टमार्गप्रश्न होय. लौकिकात त्याचे रूप ‘अजून किती?’ असे आहे. हा प्रश्न कोठेही उद्भवू शकतो. तथापि त्याचे शुद्ध रूप पाहण्यास जी भूमी लागते तिची लक्षणे तीन. चढ दिसावा, पण माथा दिसू नये. पाणी दिसावे, पण वाटेने त्याला वळसा घालावा. आणि गाडी जिथे लावली ती जागा पलीकडच्या तीरावर, हात लांबवला तर सापडेल अशी डोळ्यांसमोर असावी. इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्ट या 1951 साली स्थापन झालेल्या, त्या देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात, ज्याला डार्क पीक म्हणतात, ही तिन्ही लक्षणे एकत्र नांदतात. सबब अभ्यासक्षेत्र तेच निवडले. अभ्याससाहित्य पुढीलप्रमाणे: मुलगा एक, वय वर्षे सात, मनगटावर नवे घड्याळ, पत्नी एक, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेली प्रस्तुत लेखकाची आई.

प्रथम शब्दविचार. इंग्रज बालक ‘आर वी देअर येट’ असे विचारते. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ या एका शब्दात संपते व पालक मोकळा होतो. मराठी बालक मात्र ‘अजून किती’ असे विचारते, म्हणजे थेट परिमाण मागते. परिमाणाच्या मागणीला नकार हे उत्तर होऊ शकत नाही. इंग्रजांनी डोंगर चढण्याचे अनेक नियम केले, परंतु अवशिष्टमार्गमीमांसा त्यांच्याकडे जन्मली नाही, याचे कारण हे व्याकरणात आहे. त्यांना दोष देऊ नये.

पूर्वपक्ष म्हणून स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 चा नियम घ्यावा लागतो. दर 3 मैलांना 1 तास आणि दर 2000 फूट चढाईला आणखी 1 तास, असे त्यांचे मत. मत निर्दोष आहे, परंतु ते प्रौढ, निरोगी आणि खिशात दगड न भरणाऱ्या मनुष्याविषयी आहे. वाटेत मेंढी उभी असल्यास किती मिनिटे धरावीत, ओढ्यात काठी टाकून ती पुलाच्या दुसऱ्या बाजूने निघते का हे पाहण्यास किती, काठी न निघाल्यास शोकास किती, याविषयी नेस्मिथ मौन बाळगतात. आमच्या गणनेत 2 मैल 3 तासांत झाले. यात काठ्या चार.

आता भूमिविचार. येथील उंचावरच्या उघड्या माळाला मूर म्हणतात. कोकणातला सडा हा शब्द जवळचा वाटतो, पण सडा जांभा दगडाचा आणि उन्हात तापणारा. मूर पीटचा, म्हणजे हजारो वर्षे कुजता कुजता राहून गेलेल्या शेवाळ-गवताचा, आणि पाय टाकला की खालून पाणी पिळून निघणारा. ऑगस्टमध्ये हीदरची झुडपे फुलून सारा माळ जांभळा होतो. आईने तो पाहून ‘कासला गेल्यासारखं वाटतं, फक्त गर्दी नाही’ असा शेरा दिला. मूरच्या उताराचा आकार पुढे आलेल्या पोटासारखा असतो. त्यामुळे खालून जी कड माथा म्हणून दिसते ती प्रत्यक्षात पोटाची कड असते. तिथे पोचल्यावर दुसरी कड दिसते. यास शास्त्रात मिथ्याशिखर म्हणावे. किंडर स्काउट हे येथील सर्वोच्च स्थान 636 मीटरवर आहे, परंतु ते सपाट पठारात असल्याने आपण पोचलो हे पोचल्यावरही कळत नाही. 1932 साली शेकडो चालणारे खाजगी मालकीच्या या पठारावर मनाई मोडून चढले व त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. तेव्हाचा वाद ‘जाऊ देता की नाही’ असा होता. जाऊ दिल्यावर ‘अजून किती’ हा वाद सुरू झाला.

प्रश्नाचे प्रकार तीन.

1. जिज्ञासाजन्य. गाडीला कुलूप लावल्यापासून पाच मिनिटांत उद्भवतो. उत्तराची अपेक्षा नसते.

2. क्षुधाजन्य. शब्द अंतराचे, विषय डब्याचा. अननुभवी पालक यावर नकाशा काढतो आणि फसतो. चिवडा काढावा.

3. निषेधजन्य. हा बसून विचारला जातो, आणि याचे स्वरूप प्रश्नाचे असले तरी हा ठराव आहे. एका फाटकापाशी चि. ने दगडावर बैठक मारली, उजवा बूट काढला, उलटा केला आणि झटकला. त्यातून एक खडा, हीदरची काडी आणि दोन शंकरपाळे पडले. शंकरपाळे बुटात कसे गेले याचा खुलासा त्याच्याकडे नव्हता. त्याने ते निरखले, त्यांतला एक मेंढीला दाखवला, मेंढीने पाठ फिरवली. मग मोजा नीट करत, माझ्याकडे न पाहता, तो म्हणाला, ‘अजून किती?’ येथे बूट परत चढवला जाईपर्यंत कोणतेही उत्तर देणे निष्फळ होय.

उत्तरांच्या बाबतीत संप्रदायभेद तीव्र आहे. सर्वांत प्राचीन तो आसन्नवाद. त्याचे महावाक्य ‘आलंच’. जी गोष्ट आलेली नाही तिला भूतकाळी क्रियापद लावणे हे वरवर पाहता असत्य आहे. परंतु पाणिनीने आशंसा व्यक्त करायची असल्यास भविष्यकालीन क्रियेला भूतकाळाचे प्रत्यय लावण्याची मुभा अष्टाध्यायीत दिलेली आहे. तेव्हा ‘आलंच’ म्हणणारा बाप खोटे बोलत नसून आशा करीत असतो. शेवटचा ‘च’ मात्र पाणिनीचा नव्हे. तो आमचा, आणि पाय दुखू लागले की तो लांबतो.

वक्रवादी ‘त्या वळणापलीकडे’ असे सांगतात. धरणाच्या काठावर हे मत विशेष घातक ठरते. तलावाला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याने काठाला एक खाच पाडलेली असते. वाट खाचेत शिरते, पूल ओलांडते, बाहेर येते, आणि समोर पुढची खाच असते. नकाशावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. चि. ने बोटाने सरळ पाण्यावरून रेघ ओढून ‘एवढंच तर आहे’ असे सिद्ध केले. पोहता येत असते तर त्याचे प्रमेय बिनतोड होते.

प्रलोभनवाद पत्नीचा. ‘पुढच्या फाटकाला चॉकलेट.’ यात भाववाढीचा दोष आहे. तिसऱ्या फाटकापासून चि. एका फाटकाला दोन मागू लागला.

आईचा संप्रदाय प्रतिप्रश्नवादी. ‘अजून किती ते कशाला? झालं किती ते सांग.’ यावर चि. ने फाटके मोजायला व घड्याळ पाहायला सुरुवात केली. येथील फाटके माणूस जाईल व मेंढी जाणार नाही अशी असतात, एका वेळी एकच; इंग्रजीत त्यांना किसिंग गेट म्हणतात. त्याचा मराठी प्रतिशब्द अद्याप निश्चित झालेला नाही, कारण आई सोबत होती. प्रतिप्रश्नवादाचे परिणाम पुढे दिसतील.

प्रस्तुत लेखक आख्यानवादी आहे. आख्यानवादाचे तत्त्व असे की गोष्ट सांगू लागल्यास मूल अंतर विसरते. लेडीबाउर धरणाच्या काठी मी सांगितले, की या पाण्याखाली डरवेंट आणि ॲशॉप्टन अशी दोन गावे आहेत. 1935 ला काम सुरू झाले, 1945 ला राजाच्या हस्ते उद्घाटन झाले. चर्चचा मनोरा पाण्यातून वर राहिला होता, तो 1947 साली पाडला. गावातला जुना घोडेपूल मात्र दगड दगड सुटा करून नदीच्या वरच्या अंगाला नेऊन पुन्हा बांधला. मुलाने विचारले, ‘माणसं कुठे नेली?’ मी म्हणालो, दुसऱ्या घरांत. ‘पूल तसाच ठेवला, आणि घरं नाही?’ आख्यानात श्रोत्याने असे मुद्दे काढू नयेत. सुदैवाने पुढे धरणाच्या भिंतीलगत ती दोन महाविवरे आली. सुमारे 24 मीटर रुंदीची, दगडी कडांची. तलाव भरला की पाणी गोल फिरत त्यांत उतरते. चि. तिथे बराच वेळ शांत उभा राहिला. बाथटबचे बूच कोण काढतो एवढेच त्याला हवे होते.

आईचे लक्ष विवरांकडे नव्हते. ती भिंतीकडे पाहत होती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि नारायण पेठेतल्या वाड्याच्या माडीवर किती पायऱ्या पाण्यात होत्या हे ती आजही सांगते. तिने विचारले, ‘दगडी आहे ना रे? का मातीचं?’ याच खोऱ्यातली वरची दोन धरणे, हाउडन आणि डरवेंट, पक्क्या दगडी बांधकामाची आहेत. लेडीबाउर मातीचे आहे. मी म्हणालो, ‘गाडी आलीच.’ आसन्नवादाचा असा उपयोग ग्रंथांत आढळत नाही.

शेवटी परपथिकाधिकरण, म्हणजे समोरून येणाऱ्या अनोळखी माणसास अंतर विचारावे काय व त्याने काय सांगावे. या देशातील रूढ उत्तर ‘नॉट फार नाऊ’ हे आमच्या ‘आलंच’चेच दूरचे भावंड आहे. आम्ही परतीच्या टप्प्यावर असताना पाठीवरच्या झोळीत तान्हे मूल आणि पुढे दोन लहान मुली असा एक गृहस्थ विवरांकडे निघालेला भेटला. त्याने कपाळ पुसत विचारले, किती राहिले? परंपरेस अनुसरून मी म्हणालो, दहा मिनिटे. त्याचा चेहरा उजळला.

चि. ने घड्याळ पाहिले. मग शाळेत कमावलेल्या अस्सल स्थानिक उच्चारांत त्याने त्या गृहस्थास सांगितले, की आम्हाला तिथून इथे यायला पन्नास मिनिटे लागली, मध्ये सहा फाटके आहेत, आणि बाबा नेहमी असेच सांगतात. आईला इंग्रजी पुरेसे कळते. तिने नातवाच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दोघींपैकी धाकटीने वडिलांकडे एकवार पाहिले, वाटेच्या कडेला बसली आणि उजवा बूट काढला.