मेळा समोर, प्रोजेक्ट झेरॉक्सवर

भाच्याच्या बीबीएच्या प्रोजेक्टची वही परवा हातात आली. निळं कव्हर, स्पायरल बाइंडिंग, 62 पानं. विषय होता ग्वाल्हेर शहरातल्या दुचाकी ग्राहकांची पसंती. 41व्या पानावर त्या ग्राहकांचे पत्ते: कोथरूड, हडपसर, पिंपरी. मी तिथे बोट ठेवलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, सगळे तिथूनच घेतात. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या विषयांचे पडलेले असतात." वहीवर मार्गदर्शकांची सही होती, विभागाचा शिक्का होता आणि 100 पैकी 88 गुणही होते.

पोरावर मी चिडलो नाही. चिडलो ते सही करणाऱ्यावर. 41वं पान उलटायलाही ज्याला सवड झाली नाही, त्याने तीन वर्षं या मुलाला व्यवस्थापन शिकवलं.

हा मुलगा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. सायकलवर टांग टाकली तर अर्ध्या तासात मेळ्याच्या मैदानावर पोचेल. माधवराव शिंद्यांनी 1905 साली जनावरांचा बाजार म्हणून सुरू केलेला हा मेळा आज शंभराहून जास्त एकरांवर भरतो. दुचाकी ग्राहकांची पसंती बघायची तर याहून चांगली जागा कुठली? मेळ्यात घेतलेल्या गाडीवर राज्य सरकार रोड टॅक्समध्ये निम्मी सूट देतं, म्हणून भिंड-मुरैन्याची कुटुंबं दिवाळीतली खरेदी जानेवारीपर्यंत लांबवतात. सवलतीचा आदेश निघायला उशीर झाला की लोक येतात, गाडीवर बसून बघतात, भाव विचारतात आणि परत जातात. आदेश निघाला की त्याच स्टॉलवर रांग लागते. किंमत, करधोरण, मागणी, साठा हे चारही धडे त्या एका तंबूत आहेत. वही-पेन घेऊन चार संध्याकाळी तिथे उभं राहिलं तरी 62 खरी पानं भरतील.

तीच गोष्ट तीळ-गुळाच्या गजकची. मुरैन्याच्या गजकला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेवढं सामान्यज्ञानासाठी मुलं पाठ करतात. पण कारखान्यात जाऊन बघत नाहीत. गुळाचा पाक खुंटीवर टाकून ताणतात, पुन्हा घडी घालतात, पुन्हा ताणतात, तांबूस पाक हळूहळू फिका होत जातो. मग भाजलेले तीळ घालून लाकडी हातोड्यांनी कुटतात. हवा दमट झाली की माल लिबलिबीत, म्हणून सगळा धंदा थंडीच्या काही महिन्यांत उरकायचा. कारागिरांनी उरलेलं वर्ष काय करायचं? तिळाचे पैसे आधी द्यायचे आणि विक्रीचे नंतर यायचे, तर मधला काळ कशावर काढायचा? खेळतं भांडवल म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा एका गजकवाल्याच्या उधारीच्या वहीने चांगलं समजावलं.

आणि बिर्लानगर! जियाजीराव कॉटन मिल 1992 मध्ये बंद पडली. हजिरा वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल त्या भोंग्यावर पेटत होती. कामगारांच्या देण्यांचं भिजत घोंगडं पुढे तीन दशकं तसंच राहिलं. गिरणी का बुडते, मालक काय चुकतात, संघटना काय चुकतात, सरकार कधी येतं, हे सांगणारी माणसं अजून त्या चाळींत आहेत. ती थकलीत. व्यवस्थापनाच्या एका तरी वर्गाने त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं, असं मला कळकळीने वाटतं. आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम 2024-25 पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले. लगेच महाराष्ट्रात अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम करून टाकलं, म्हणजे परवानगी नको आणि सीईटीही नको. पाटी बदलायला त्यांना एक उन्हाळा पुरला. आमच्याकडे मध्य प्रदेशात नव्या शैक्षणिक धोरणाने 2021 पासून पदवीला प्रकल्प आणि इंटर्नशिपचे श्रेयांक जोडले. हेतू चांगलाच आहे. पण श्रेयांक शिक्क्यावर मिळत असतील तर पोरं शिक्का आणतील.

आम्हा मराठी घरांचाही यात वाटा आहे. शिंदेशाहीत आमचे पूर्वज इथे फौजेत, दफ्तरात, शाळांत, गाण्याच्या दरबारात आले. पगाराची तारीख आमच्या रक्तात भिनली. मुलगा बीबीएला गेला की आई पहिला प्रश्न विचारते, बँकेच्या परीक्षेला चालेल ना? व्यवसाय शिकायला निघालेल्या पोराला घरातूनच नोकरीच्या रांगेत उभं केलं जातं. माझ्या बहिणीनेही हेच केलं, आणि तिला मी तेव्हा अडवलं नाही.

अभ्यासक्रम गावाशी जोडता येतो, याचा नमुना याच शहरात आहे. 1983 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे आणि तिथे पर्यटनातलं बीबीए शिकता येतं. किल्ला समोर, गुजरी महाल समोर, तानसेनाची समाधी समोर. शहरात येणारा प्रवासी हाच विषय. बाकीच्या महाविद्यालयांना मेळा, गजक आणि गिरणी आहे.

तर विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. यंदाही वर्षाच्या शेवटी मेळा लागेल. त्याआधी मेळा प्राधिकरणाला एक पत्र लिहा, प्रत्येक वर्गासाठी एक दुकान मागा. भाडं मुलांनी भरावं, माल त्यांनीच आणावा, शेवटच्या दिवशी गल्ला मोजून नफा-तोटा वर्गात फळ्यावर मांडावा. तोटा आला तरी गुण द्या. आणि वही तपासायला घ्याल तेव्हा 41वं पान जरूर उघडा.