रोजा त्यांचा, सवलत आपली

दुबईत रमजानच्या चंद्राची वाट करामा भागातली मराठी बिऱ्हाडंही डोळ्यांत तेल घालून पाहतात. भक्तिभाव वगैरे काही नाही. इथल्या कायद्याने या महिन्यात कामाचे रोजचे 2 तास कमी होतात, रोजा धरा अथवा धरू नका. शाळाही लवकर सुटते, त्यामुळे पोरंही कमालीची श्रद्धाळू होतात.

ऑफिसात मात्र चहाचा कप घेऊन पॅन्ट्रीत शिरायचं, दार लोटायचं आणि चोरटे घोट घ्यायचे. हॉटेलांवरची दिवसा पडदे लावायची सक्ती 2021 मध्येच उठली. आपली भीड काही उठत नाही. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगायचं, "आम्हीही एकादशी धरतो." त्याने आदराने विचारलं, "पाणीसुद्धा नाही?" की साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि दाण्याची आमटी ही सगळी यादी मुकाट्याने गिळायची.

संध्याकाळी मगरीबची अजान झाली, की इफ्तारच्या बुफेत पहिली ताटली आपलीच. दिवसभर उपाशी असलेला तो बिचारा अजून दुआच म्हणत असतो. आणि ईदची सुटी जाहीर होताच पुण्याचं विमान गाठायलाही सगळ्यांत पुढे आपणच!