दमटराव

मिनियापोलिसच्या मराठी मंडळात दमटरावांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. त्यांच्या घरी गेलात की ‘या, बसा’च्या आधी एक आकडा कानावर येतो. ‘छप्पन!’ तुम्ही त्यांचं वय विचारलेलं नसतं. हा आकडा शेषरावांच्या पेटीतल्या हवेचा. शेषराव म्हणजे चार फुटांचा बॉल पायथन, दिवसभर गुंडाळी करून पडलेला, आणि घरातला एकमेव बिनघोर प्राणी.

दमटराव मूळचे रत्नागिरीकडचे. जुलैत काडेपेटी पेटत नाही, पापड चिवट होतो आणि कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, अशा घरात त्यांची पहिली वीस वर्षं ओलाव्याशी भांडण्यात गेली. उरलेली आता ओलावा विकत घेण्यात चालली आहेत. मिनेसोटात थंडीत बाहेर उणे वीस. त्या गारठ्यात हवेत बाष्प ते किती मावणार? तीच हवा घरात येऊन एकवीस अंशांपर्यंत तापली की आर्द्रता थेट वीस टक्क्यांच्या खाली. वहिनींचे ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. त्यावर दमटराव म्हणतात, ‘व्हॅसलीन लाव.’ शेषरावांना मात्र साठ ते सत्तर टक्के. कारण हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथला माळ कितीही कोरडा असो, हा राहतो उंदरांच्या बिळांत नाहीतर वारुळांत, आणि आत गारवा नि ओल असते. हे ते पाहुण्यांना चहा येण्यापूर्वीच समजावून सांगतात.

पेटीबरोबर आलेला काट्याचा हायग्रोमीटर कुठल्याही ऋतूत पन्नासच दाखवायचा. मग डिजिटल दोन आणले. दोघांचं आपसात पटेना. तेव्हा दमटरावांनी मिठाची परीक्षा घेतली: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थोडं पाणी, आणि झाकण नि यंत्र दोन्ही हवाबंद पिशवीत. रात्रभरात आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र त्याहून जितकं इकडेतिकडे दाखवील तितकं ते खोटं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं म्हणून लहानपणी आईची बोलणी खाल्लेला हा माणूस, चमच्याने मीठ भिजवताना त्याच्या चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसल्याचा भाव होता.

सुरुवातीला सगळा भर फवारणीवर. सकाळी उठले की फुस्स, ऑफिसला निघताना फुस्स. आकडा नव्वदवर उडायचा आणि दिव्याच्या उबेने तासाभरात चाळीसवर यायचा. मग पुन्हा फुस्स. शेवटी सापांच्या डॉक्टरीणबाईंनी खडसावलं, की सतत ओल्यावर ठेवलंत तर पोटाचे खवले कुजतील, आणि छातीत कफ झाला तर श्वास घरघरेल. त्या रात्री दमटराव दोनदा उठून बसले. घरघर ऐकू येत होती! वहिनींनी कूस न वळवता सांगितलं, ‘ती तुमचीच.’

बाईंचा इलाज पाच मिनिटांचा होता. जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग फॉइलने झाका, खाली काथ्याच्या भुशाचा जाड थर द्या, पाणी कोपऱ्यांतून ओता म्हणजे तळ ओला आणि वर कोरडं राहील, ओल्या शेवाळाचा एक डबा लपायला ठेवा आणि मग लुडबूड करू नका. पहिल्या चार गोष्टी दमटरावांनी चोख केल्या. काथ्याची विटकुरी डॉलर मोजून आणली तेव्हा रत्नागिरीहून आलेल्या आई ती हातात घेऊन बघतच राहिल्या. ‘अरे, सोडणाला पैसे दिलेस? आपल्याकडे बंबात जाळतो!’

खरा सोहळा कात टाकण्याचा. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. कात सुटायच्या आधी डोळे दुधाळ निळे होतात, अंग मळकट दिसतं. मग डोळे निवळतात, आणि पुढे काही दिवसांत शेषराव दगडाला नाक घासून मोज्यासारखी उलटी कात सोडतात. हवा कोरडी असेल तर तिचे तुकडे होतात नि डोळ्यांवरचे खवले तसेच राहतात. म्हणून दमटराव ती ओलसर कात दिव्यासमोर धरतात आणि ओरडतात, ‘दोन्ही चष्मे आले!’ फोटो लगेच खानदानी ग्रुपवर. एकदा तो नेमका एका मावशीच्या पंच्याहत्तरीच्या फोटोंमध्ये पडला आणि वीस जणांनी कातीखाली ‘शतायुषी व्हा’ लिहिलं.

त्या ग्रुपमुळे पुण्याच्या भाच्यालाही हुरूप आला. ‘मामा, मी धामण पाळू?’ दमटरावांनी त्याला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा धाक घातला, आणि लगेच विचारलं, ‘तुमच्याकडे आत्ता किती टक्के आहे रे?’

बॉल पायथन पिंजऱ्यात सहज पंचवीस-तीस वर्षं काढतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तर साठी उलटलेल्या मादीने 2020 साली अंडी घातली. दमटराव पंचावन्नचे आहेत आणि वारस शोधताहेत. पुढच्या डिसेंबरात ते रत्नागिरीला निघाले की घराची चावी तुमच्यापुढे धरतील. सबब आत्ताच तयार ठेवा. घ्यावीच लागली, तर पाण्याचं भांडं भरा, कोपऱ्यांत थोडं पाणी ओता आणि पेटीपासून दूर बसा. फोन येईलच. आला की ‘पासष्ट’ म्हणा.